चार मिनिटं जगणारा सर्व्हर

ऑफिसात तिला सगळे खुसपटताई म्हणत, आणि तिला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नसे. कुणी नवा माणूस आला आणि बिचकत 'मॅडम, मॅडम' करू लागला, की तीच त्याला थांबवायची. "मॅडम वगैरे राहू दे. खुसपटताई म्हण. खुसपटं काढायचाच पगार मिळतो मला." आणि मग अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी हसायची. बाईचा आवाज मुळातच खणखणीत. त्यात आपल्या कामात आपला हात धरणारं कुणी नाही, हे तिला पक्कं ठाऊक. अशा माणसाला नम्रता शिकवायला जाऊ नये, वेळ फुकट जातो.

सायकलच्या दुकानावर तीन खोल्या, सहा-सात माणसं आणि कायम बिघडलेलं एक कॉफीचं यंत्र, एवढं ते ऑफिस. ही मंडळी ई-मेलचा सर्व्हर बनवत. शाळा, दवाखाने, छोटे कारखाने तो त्यांच्याकडून घेत. सर्व्हर आणि त्याला लागणारं सगळं सामानसुमान एकाच कंटेनरमध्ये भरलेलं, कुठल्याही कॉम्प्युटरवर नेऊन ठेवा, तिथे जसाच्या तसा चालू. ऑफिसात त्या कंटेनरला डबा म्हणत. "दवाखान्याचा डबा गेला का रे?" असं वरून कुणी ओरडलं की खालच्या सायकलवाल्याकडे आलेली गिऱ्हाइकं विचारायची, वर खानावळ आहे का म्हणून.

ताईचं काम ओळखपत्रांचं. म्हणजे कसं, एक सर्व्हर टपाल घेऊन दुसऱ्याच्या दारात येतो, तेव्हा दारातल्याने आपलं ओळखपत्र दाखवायचं असतं: हे माझं नाव, ही माझी मुदत, मीच तो. याला म्हणतात सर्टिफिकेट. त्याची मुदत दर तीन महिन्यांनी संपते आणि नवं आपोआप येतं. आता गंमत अशी, की टपाल आणणारे बहुतेक जण त्या ओळखपत्राकडे ढुंकूनही बघत नाहीत. टपाल टाकतात आणि चालू लागतात. पण बँका, मोठी हॉस्पिटलं अशी जी कडक मंडळी असतात, ती नीट बघतात. तशी पाटीच ताईने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दाराला लावून दिली होती: ओळखपत्र तपासल्याशिवाय आमचं टपाल देऊ नका. मुदत टळलेली दिसली की कडक पाहुणा टपाल घेऊन आल्या पावली परत जातो आणि पाठवणाऱ्याला सांगतो, तिकडे स्वीकारलं नाही.

हे सगळं बरोबर चालतं की नाही, ते बघायला ताईने चाचण्या लिहिल्या होत्या. हाताने नव्हे, आपोआप चालणाऱ्या. त्यासाठी तिच्या कॉम्प्युटरवर एक खोटं ओळखपत्र-कार्यालयच होतं, आणि त्यातून ती वाट्टेल तसली ओळखपत्रं काढायची. मुदत संपलेलं, दुसऱ्याच्याच नावाचं, अर्धवट, स्वतःच स्वतःला दिलेलं. प्रत्येक चाचणीला नवा डबा उघडायचा, सर्व्हर सुरू करायचा, त्याच्या हातात एक ओळखपत्र द्यायचं, काय करतो ते बघायचं, डबा फेकून द्यायचा. पुढच्या चाचणीला पुन्हा नवा. म्हणजे मागच्याचं उष्टं पुढच्याला लागत नाही. रोज सकाळी या चाचण्यांची लांबच लांब हिरवी रांग पडद्यावर लागायची आणि ताई तिच्याकडे आपणच वाढवलेल्या लेकरांकडे बघावं तशी बघायची.

लहानपणापासूनच तिला हा किडा. दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायची, आणि शेजाऱ्यांचंही ओढून बघायची. लग्न होऊन आली ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घरात. सासूबाई आधीच गेलेल्या, घरात तीन पुरुष: सासरे, नवरा आणि शाळेत जाणारा दीर. नवरा छापखान्यात कामाला, स्वभावाने गरीब गाय. सासऱ्यांचा मात्र दरारा. माणूस आयुष्यभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तेलाने काळा झालेला, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने तळमजल्यावर ऐकावं. पण हिने कॉम्प्युटर शिकायचं म्हटलं तेव्हा हेच पुढे झाले. "स्वयंपाक आम्हा तिघांनाही येतो. तू क्लासला जा." नुसतं म्हणाले नाहीत, रोज संध्याकाळी स्कूटरवरून सोडायला गेले. त्यामुळे तिच्या मनात बाबांची जागा वडिलांच्या बरोबरीची होती, किंबहुना कांकणभर जास्तच.

नोकरी पक्की झाल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल, तर घराच्या नावाचा मेलचा पत्ता काढला आणि सर्व्हरचा एक डबा घरी आणून ठेवला. खाली बाबांचं दुकान होतं, तिथे मागच्या कपाटात, दाराला तीच कडक पाटी लावून. बाबा येईल त्याला सांगायचे, "आमचं टपाल आमच्याच घरी उतरतं. सुनेने केलंय." आणि ताई सांगायची, गेल्या वर्षी नवा डबा बसवला तेव्हापासून तो एकदाही बंद पडलेला नाही, एकदाही नाही. तो अभिमान पुढे तिच्याच अंगाशी आला.

आता दिराची गोष्ट. त्याने दुकानात यावं ही बाबांची इच्छा. तो शिकला नर्सिंग. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागल्याचं त्याने जेवताना सांगितलं, तेव्हा बाबा ताटावरून न उठता म्हणाले, "मी जन्मभर माणसं वर नेली. तू आता त्यांची बेडपॅन उचल." असं बोलायचं असतं का हो पोराला? पण बोलले. पोरगंही त्याच रक्ताचं. तसंच उठलं, बॅग भरली, गेलं. फोनचा नंबर बदलला. भावाला तेवढा हॉस्पिटलातला मेलचा पत्ता देऊन गेलं, काही झालंच तर म्हणून. दोन वर्षं कुणी कुणाला शब्दाने विचारलं नाही. गच्चीलगतची त्याची खोली बाबांनी कुलूप घालून ठेवली, आणि दर रविवारी गुपचूप झाडायचे. सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची टाप कुणाची?

मागच्या महिन्यात एक गरजू शिक्षक खोली भाड्याने मागायला आला. तेव्हा बाबांनी एका बोटाने, अर्धा तास खर्ची घालून, धाकट्याला मेल लिहिली: "खोली तुझ्यासाठी ठेवू की देऊन टाकू? कळव." एवढंच. पण ज्यांना बाबा माहीत आहेत त्यांना कळेल, की हे त्यांचं पाया पडणंच होतं. वर सगळ्यांना बजावलं, "मध्ये कुणी पडायचं नाही. माझा मुलगा आहे, माझं मी बघतो."

उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला, महिना होत आला. बाबा जेवताना सहज विचारल्यासारखं विचारायचे, "तुझं ते यंत्र नीट आहे ना?" ताई तोंडातला घास गिळायच्या आत सांगायची, "बाबा, रोज शेकडो चाचण्या होतात त्याच्या. शंभर टक्के." बुधवारी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती थोडी चिडलीच. "अहो, विजेचं बिल आलं, नळवाल्याचं आलं, मामांचे रोजचे विनोद येतात. सगळ्यांची मेल येते, मग एकाचीच कशी येणार नाही? लिहिली असती तर आली असती." बाबांनी मान हलवली. सुनेचा शब्द म्हणजे त्यांना प्रमाण. त्यांनी शिक्षकाला निरोप पाठवला, रविवारी सामान आणा म्हणून. मग खुर्चीत बसून म्हणाले, "दगड आहे. माझ्या पोटी दगड जन्मला."

शुक्रवारी दुपारी एका शाळेच्या कारकूनबाईंचा फोन आला. बाई रडकुंडीला आलेल्या. "सगळ्यांची मेल येते हो, फक्त बँकेची येत नाही. बँकवाले म्हणतात तुमच्याकडे घेत नाहीत." ऑफिसचा मालक, म्हणजे ज्याने हा सर्व्हर मुळात लिहिला तो, फोन न घेताच म्हणाला, "बँकेची भानगड असणार. आपलं सगळं हिरवं आहे."

"हिरवं आहे खरं," ताई म्हणाली. पण फोन ठेवल्यावर ती जागची हलली नाही. सगळ्यांची येते, फक्त एकाचीच येत नाही. हे वाक्य दातात अडकल्यासारखं तिला दुसरं काही सुचू देईना. कुठे ऐकलं होतं?

मग ती तिच्या नेहमीच्या पद्धतीने विचार करू लागली, म्हणजे मोठ्याने. "शाळेचा सर्व्हर आणि माझ्या चाचणीतला सर्व्हर, फरक काय? डबा तोच. ओळखपत्र तसंच. पाहुणा कडक, तर माझ्याकडेही कडक पाहुणा आहे. मग फरक काय?" समोरचा हिशेबनीस म्हणाला, "ताई, जरा हळू." ती थांबली नाही. "वय! अरे, वय! माझ्या चाचणीतला सर्व्हर जगतो किती? फार तर चार मिनिटं. जन्मला, तपासला, मेला. शाळेचा सहा महिने जागा आहे. त्याचं ओळखपत्र त्याच्या हयातीत बदललं. माझ्या एकाही पोराच्या हयातीत कधी बदललेलंच नाही!"

तिने लगेच नवी चाचणी लिहायला घेतली. खोट्या कार्यालयातून दोन मिनिटं मुदतीचं ओळखपत्र काढलं आणि सर्व्हरला दिलं. सर्व्हर चालूच ठेवला. त्याच्या पाठीमागे नवं, धडधाकट ओळखपत्र नेऊन ठेवलं, खऱ्या जगात आपोआप येतं तसंच. जुन्याची मुदत संपू दिली. मग कडक पाहुण्याला टपाल देऊन पाठवलं.

लाल.

पुन्हा चालवली. लाल. लोक आपली मेल वाचायला ज्या दाराने येतात, तिथे नवं ओळखपत्र दिसत होतं. बाहेरचं टपाल ज्या दाराने येतं, तिथला गडी मात्र जागा होताना एकदा हातात आलेलं ओळखपत्र डबा बंद होईपर्यंत तेच ते दाखवत होता. साध्या पाहुण्यांना त्याचं काही नाही. कडक पाहुणा तेवढा परत. इतकी वर्षं हा घोळ चाचण्यांना दिसला नाही, कारण डबा स्वच्छ हवा म्हणून प्रत्येक चाचणी नव्याने सुरू व्हायची. तिचा स्वच्छतेचा सोसच नडला.

ताईने टाळी वाजवली. खरंच वाजवली. खुसपट सापडलं की तिला लॉटरी लागल्याचा आनंद व्हायचा. मालक येऊन बघून गेला, कपाळाला हात लावला, म्हणाला, "शुक्रवारी संध्याकाळीच का सापडतं गं तुला हे?" आणि निमूट दुरुस्तीला बसला. "कोण कोण अडकलं असेल?" त्याने बसल्या बसल्या विचारलं.

"ज्याचा डबा तीन महिन्यांत एकदाही बंद झालेला नाही, तो प्रत्येक जण," ताई म्हणाली, आणि तिचा आनंद तिथल्या तिथे विरला. सर्वांत जास्त दिवस बंद न झालेला डबा कुणाचा, ते तिला सोडून कुणाला माहीत असणार? आणि ते वाक्य कुठे ऐकलं होतं तेही आठवलं. ऐकलं नव्हतं, तिनेच म्हटलं होतं. बाबांना. आणि दीर लिहिणार तो मोठ्या हॉस्पिटलाच्या कडक सर्व्हरवरून.

तिने ऑफिसातून कडक पाहुणा घरच्या पत्त्यावर पाठवला. उत्तर क्षणात आलं: मुदत संपलेली, टपाल दिलं नाही.

तसं म्हटलं तर घरी जाऊन डबा बंद करून पुन्हा सुरू करायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. कुणाला कळलंही नसतं. बाबांपुढची आपली पत शाबूत राहिली असती. हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण परवा शिक्षक सामान घेऊन येणार होता, आणि डबा सुरू झाल्याने महिन्यापूर्वी परत गेलेलं टपाल काही आपोआप येणार नव्हतं. मालकाने दुरुस्ती संपवली, नवी चाचणी हिरवी झाली. ती बॅग उचलून निघाली.

बाबा दुकानात एका जुन्या पुलीला तेल देत बसले होते. ताईने आधी मागच्या कपाटातला डबा नवा करून सुरू केला, फोनवरून ऑफिसातला कडक पाहुणा पाठवून बघितला, तो आत आला. मग ती बाबांसमोर स्टूल ओढून बसली.

"बाबा, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. यंत्र नीट नव्हतं."

तेलाची बुधली तशीच हातात राहिली. तिने सगळं सांगितलं, ओळखपत्र, कडक पाहुणा, चार मिनिटं. लिफ्टवाल्याला यंत्राची गोष्ट समजायला वेळ लागत नाही. संपल्यावर म्हणाले, "शंभर टक्के म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. चुकलं माझं."

"तुझ्या शब्दावर मी त्याला दगड म्हणालो." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं तिला वाटलं. "म्हणजे त्याने लिहिलं होतं?"

इथे खोटं बोलणं किती सोपं होतं! 'हो, बाबा, लिहिलंच असणार' म्हणायचं. पण बाई खुसपटताई. "ते मला माहीत नाही. लिहिलं असेल तर आपल्या दारातून परत गेलं. कोण येऊन गेलं त्याची नोंदही राहिलेली नाही. तुम्ही पुन्हा विचारा त्याला."

"पुन्हा?" आता मात्र आवाज चढला. "मी एकदा विचारलं. बापाने किती वेळा विचारायचं? नसेलच लिहिलं त्याने, तर मी दोनदा हात पसरल्यासारखं होईल ना?"

"मग मी लिहिते. चूक माझ्या यंत्राची, मी माझ्या नावाने लिहिते."

"तू मध्ये पडायचं नाही." बुधली आपटली. बराच वेळ पुली फिरवत बसले. नवरा छापखान्यातून आला, दोघांचे चेहरे बघितले आणि शहाण्यासारखा सरळ वर गेला. ताईही उठली नाही. तिला माहीत होतं, हा माणूस रागाने कधी जागा सोडत नाही, तेव्हा आपणही सोडायची नाही.

"किती लोकांचं असं झालं असेल?" एकाएकी त्यांनी विचारलं.

"बरेच असतील. उद्या सगळ्यांना फोन करणार आहोत. चूक आमची म्हणून सांगणार."

"सगळ्यांना?"

"नाहीतर काय? पाठवणारे तिकडे समजत असतील, यांनीच आम्हाला दार लावलं."

बाबांनी हात पुसले. चांगले खसाखसा, दोन्ही बाजूंनी. "सरक," म्हणाले, आणि कॉम्प्युटरसमोर बसले. एक बोट, एक अक्षर, पुन्हा एक बोट. ताई मुद्दाम पाठ करून उभी राहिली. पाठवल्यावर त्यांनीच तिला बोलावून दाखवलं. "तुझं उत्तर आलं नाही. चूक आमची. परत पाठव." चूक आमची! चाळीस वर्षं त्या घरात हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते, भिंतींनीसुद्धा नाही. ताईचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

त्या संध्याकाळी काही आलं नाही. बाबा जेवताना "ड्यूटीवर असेल" असं एकदा म्हणाले, मग स्वतःलाच "असेल नाहीतर नसेल" म्हणाले. ताईला एक घास गोड लागला नाही. डबा चोख होता, हे तिने तीनदा तपासलं होतं. पण टपाल येण्यासाठी पलीकडे लिहिणारा लागतो, आणि त्याची चाचणी कुणी लिहिलेली नाही.

शनिवारी सकाळी दुकान उघडत असताना बाबांच्या फोनवर मेल आल्याची घंटी वाजली. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि फोन तिच्यापुढे धरला. "वाच. माझा चष्मा वर राहिलाय." चष्मा नाकावरच होता.

ती वाचू लागली. "बाबा, तुमची मेल आली त्याच दिवशी 'ठेवा' म्हणून लिहिलं होतं. ते परत आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत आलं. तिकडे स्वीकारलं नाही, असं लिहून आलं. मला वाटलं, तुम्ही आधी विचारलंत आणि मग राग येऊन मला बंद केलंत. पुढच्या आठवड्यात मी सुट्टी टाकली आहे. खोली नसली तरी येणार होतो. दुकानात उभं राहून एकदाच विचारणार होतो, की नकोच होतो, तर विचारलंत कशाला?"

बाबा खाली बसले, पायरीवरच. "महिनाभर," म्हणाले. "महिनाभर पोरगं हे उरावर घेऊन लोकांची सेवा करत होतं." आणि तो एवढा दांडगा माणूस, रस्त्याने माणसं येत-जात असताना, दोन्ही हातांत तोंड धरून रडला. ताई शेजारी बसली.

मग त्यांनी तोंड पुसलं, तिच्या हातातला फोन घेतला आणि शिक्षकाला लावला. आवाज पुन्हा पूर्वीचा, थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा.

"माफ करा हो, मास्तर. उद्या सामान आणू नका. तुमच्यासाठी दुसरी जागा मी स्वतः शोधून देतो." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, नाही, दुसऱ्या कुणाला दिली नाही. ती रिकामी नाहीच. माझा धाकटा राहतो तिथे."